दुसऱ्या उड्डाणाचा हक्क

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेले छोटे अग्निबाण आकाशात सोडले. केंद्र सरकारच्या इन-स्पेस या यंत्रणेच्या पुढाकाराने ही स्पर्धा भरली होती. अशा प्रसंगी वृत्तपत्रांत धुराची सरळ रेषा दिसते, टाळ्या वाजवणारी मुले दिसतात आणि पाहुण्यांची भाषणे छापून येतात. ज्यांचा अग्निबाण मांडणीवरून हललाच नाही, किंवा हलला आणि शेजारच्या शेतात आडवा झाला, त्या मुलांचे पुढे काय होते याची बातमी कोठेच येत नाही. वस्तुतः विज्ञानाच्या आणि समाजाच्याही दृष्टीने खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कोसळलेल्या अग्निबाणाची फेररचना कोण करणार, कोणत्या पैशाने करणार, आणि ती करण्याइतका अवधी कोणाच्या मुलांना मिळणार, हा तो प्रश्न आहे. तो तांत्रिक म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. शिक्षणाची आणि उत्पादनसाधनांची मालकी कोणाकडे, या जुन्या प्रश्नाचेच ते एक ताजे रूप आहे.

मुंबईच्या उपनगरी गाडीने भाईंदर सोडले की ती खाडीपुलावर येते, मध्ये पाणजू बेट लागते आणि पलीकडे नायगाव. पश्चिमेला कोळीवाडा आणि उमेळ्याची वस्ती, पूर्वेला रांगोळी-कलावंतांचे गाव म्हणून नाव मिळवलेले जूचंद्र, आणि जुन्या मिठागरांच्या आसपास उगवलेल्या गगनचुंबी इमारती. त्याच पट्ट्यात आणखी थोडे उत्तरेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथे लहान अभियांत्रिकी कारखान्यांची दाटी आहे. सकाळच्या गर्दीतून अंधेरी-दादरकडे किंवा जवळच्या खाजगी महाविद्यालयाकडे जाणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि वालीवच्या गाळ्यात लेथवर उभा राहणारा टर्नर हे पुष्कळदा एकाच घरातले, निदान एकाच मजल्यावरचे असतात. विद्यार्थ्यांच्या अग्निबाणाचा विचार या नायगावातून केला तर तो कसा दिसतो, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण मोठमोठ्या संस्थांच्या पटांगणातून तो वेगळा दिसतो.

प्रथम ही वस्तू कोणती, हे स्पष्ट करू. उपग्रहाला कक्षेत नेणारा तो प्रचंड अग्निबाण हा नव्हे. साउंडिंग रॉकेट म्हणून ओळखला जाणारा हा अग्निबाण सरळ वर जातो, वातावरणाचे तापमान, दाब, वारे मोजतो आणि काही मिनिटांत खाली येतो. इंग्रजी नावाचा ध्वनीशी काही संबंध नाही. दोरीला वजन बांधून ती पाण्यात सोडायची आणि खोली पाहायची, या खलाशांच्या जुन्या रीतीवरून ते नाव आले. खाडीच्या तोंडाशी होडी हाकणाऱ्या नायगावच्या कोळ्याला हे काम शिकवावे लागणार नाही. फरक इतकाच की येथे ठाव खाली घ्यायचा नसून वर घ्यायचा असतो.

येथे कित्येक कार्यकर्त्यांच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नायगाव पूर्वेच्या वसाहतींत बायाबापड्या टँकरची वाट पाहत असताना, पावसाळ्यात वसईचा अर्धा तालुका पाण्याखाली जात असताना, पक्षाच्या साप्ताहिकाने अग्निबाणाची चर्चा कशाला करावी? हाच आक्षेप थुंब्याच्या वेळीही घेतला गेला होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा या मच्छीमार गावातून भारताच्या भूमीवरील पहिला साउंडिंग अग्निबाण उडाला. तो अमेरिकी बनावटीचा होता. पुढे फ्रेंच आले, १९७० नंतर सोव्हिएत एम-१०० अग्निबाण नियमाने हवामानाची मोजणी करू लागले. तळासाठी ज्यांनी जागा सोडली ती लॅटिन कॅथॉलिक कोळी कुटुंबे होती. त्यांच्या चर्चमध्येच सुरुवातीची जुळणी झाली. वसईच्या किनाऱ्यावरील वाचकांना या तपशिलातील वेदना आणि औदार्य दोन्ही समजतील. त्या त्यागाच्या मोबदल्यात देशाला काय मिळाले? रोहिणी मालिकेतील आरएच-२०० हा साडेतीन मीटर लांबीचा, सुमारे सत्तर किलोमीटरपर्यंत पोहोचणारा अग्निबाण १९७९ च्या मान्सून प्रयोगात वापरला गेला. हवामानाचा अंदाज ही चैन नाही, हे तौक्ते वादळाच्या मे २०२१ मधील तडाख्यानंतर पालघरच्या मच्छीमाराला तरी सांगण्याची गरज नाही. टँकरचा प्रश्न आणि अग्निबाणाचा प्रश्न यांत निवड करावयास सांगणारे बहुधा दोन्हींवर खर्च करू इच्छीत नाहीत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

याच आरएच-२०० ने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण पूर्ण केले. हा आकडा ऐकताना एक गोष्ट विसरली जाते. दोनशे वेळा न चुकणारी वस्तू कोणी एका दिवशी कागदावर आखलेली नव्हती. चुकत, दुरुस्त होत, पुन्हा चुकत ती घडली. आणि घडवणाऱ्यांची नोकरी दर चुकीला गेली नाही. विद्यार्थ्यांच्या वाट्याला नेमके हेच येत नाही.

फेररचना म्हणजे काय, याची सामान्य वाचकाला कल्पना नसते. मोडका पंख बदलून नवा लावला, रंग दिला आणि पुन्हा उभा केला, असे ते काम नाही. अपघातानंतर पहिले काम असते ते अवशेष गोळा करण्याचे. प्रत्येक तुकडा कोठे पडला, कोणत्या बाजूने जळला, कोणता सांधा आधी सुटला, हे टिपून घ्यावे लागते. अग्निबाणाने उड्डाणकाळात पाठवलेली मोजमापे, जमिनीवरून घेतलेली चित्रे आणि उड्डाणाआधीच्या चाचण्यांच्या नोंदी शेजारी ठेवून घटनाक्रम सेकंदासेकंदाने जुळवावा लागतो. मग संभाव्य कारणांची यादी होते आणि एकेक कारण पुराव्यानिशी खोडले जाते. जे उरते ते प्रयोगशाळेत मुद्दाम पुन्हा घडवून पाहिले जाते. हे सर्व झाल्यावरच आराखड्याला हात लावायचा.

कारणे कशी अनपेक्षित असतात, याची दोन उदाहरणे युरोपातील विद्यार्थ्यांनीच दिली आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा स्ट्रॅटोस-३ हा अग्निबाण २६ जुलै २०१८ रोजी दक्षिण स्पेनमधून उडाला आणि वीस-बावीस सेकंदांत हवेतच फुटला. इंजिन तर चांगले चालले होते. मग बिघडले कोठे? प्रत्येक अग्निबाणाला दोन सवयी असतात. तो स्वतःच्या लांबट अक्षाभोवती थोडासा गरगरतो, आणि वाऱ्याचा धक्का बसला की त्याचे नाक किंचित डोलते. बाणाच्या मागे पिसे लावतात त्याच न्यायाने पंख मागे लावलेले असतात; त्यामुळे हवेच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे राहतो आणि डोललेले नाक पुन्हा मार्गावर येते. परंतु गरगरण्याची गती वाढत वाढत डोलण्याच्या नैसर्गिक गतीला येऊन मिळाली, तर दोन्ही एकमेकींना बळ देऊ लागतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत गेल्यावर तो वाढत जातो, तसे हे होते. नाक इतके वळते की वेगवान हवा अग्निबाणाला आडवे गाठून मोडून टाकते. स्ट्रॅटोस-३ चा घात या जुळणीने केला. ते कारण विद्यार्थ्यांनी शोधून काढले आणि उघडपणे प्रसिद्ध केले. आज जगातील कोणत्याही गावातल्या विद्यार्थ्याला ते फुकट शिकता येते.

दुसरे उदाहरण जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाचे. तेथील विद्यार्थ्यांनी हेरॉस नावाचा संकरित अग्निबाण बनवला. त्यात इंधन पॅराफिन मेणाचे, म्हणजे घन, आणि ते जाळणारा नायट्रस ऑक्साइड द्रवरूपात वेगळ्या टाकीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये उत्तर स्वीडनमधील किरुनाजवळच्या तळावरून तो सोडला आणि फसला. ऑक्सिडीकारक द्रव अपेक्षेहून थंड राहिला होता. नायट्रस ऑक्साइडचा दाब आणि घनता तापमानाबरोबर झपाट्याने बदलतात; त्यामुळे ज्वलन अस्थिर झाले. स्टुटगार्टच्या अंगणात बरोबर आलेले गणित उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या थंडीत चुकले. उद्या असाच अग्निबाण विदर्भाच्या मे महिन्यात उभा केला तर हीच चूक उलट्या दिशेने होईल, हेही यातून कळते. विद्यार्थी परत गेले, वर्षभर खपले, पुन्हा त्याच तळावर आले, आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजी हेरॉस-३ हा ३२ किलोमीटरहून अधिक उंचीवर पोहोचला. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या संकरित अग्निबाणासाठी तो त्या वेळी विक्रम होता.

विक्रमाचे कौतुक होतेच. पण या कथेत अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे. हा सारा उद्योग जर्मन अवकाश केंद्राच्या एका सार्वजनिक योजनेतून चालला होता. विद्यार्थ्यांनी अग्निबाण बनवावेत आणि ते खऱ्या तळावरून सोडावेत यासाठी अनेक विद्यापीठांना तिच्यातून सरकारी पैसा मिळत होता. पहिला अग्निबाण पडला म्हणून दप्तर बंद झाले नाही. एका वर्षाने तीच मंडळी त्याच तळावर पुन्हा उभी राहू शकली, ती कोणा उद्योगपतीच्या कृपेने नव्हे. आपल्याकडे काय घडते?

आपल्याकडे महाविद्यालयाच्या वार्षिकोत्सवासाठी जसा निधी उभा राहतो तसा पहिल्या अग्निबाणासाठी राहतो. पुरस्कर्त्यांची चिन्हे नळकांड्यावर चिकटवली जातात. व्यवस्थापनाला पुढील वर्षाच्या प्रवेश-पुस्तिकेसाठी छायाचित्र हवे असते. अग्निबाण पडला की छायाचित्र मिळत नाही, आणि छायाचित्र मिळाले नाही की पुरस्कर्त्याला रस उरत नाही. व्यक्तिशः कोणी दुष्ट नसतो. पैशाचा तर्कच तसा आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुक्तद्वार दिले, तेव्हापासून महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाचा मोठा भाग शुल्कावर जगतो. जी संस्था शुल्कावर जगते तिला प्रयोगशाळेतील अपयश हा खर्च वाटतो, आणि प्रवेशद्वारावरचा फलक ही गुंतवणूक वाटते. नायगावच्या ज्या कुटुंबाने कर्ज काढून मुलीला अभियांत्रिकीला घातले, त्या कुटुंबालाही मग तसेच वाटू लागते. एका सत्राचा वेळ पडक्या अग्निबाणाच्या तपासात घालवणे ही चैन ठरते, कारण हप्ता चुकवता येत नाही.

अर्थशास्त्र मात्र वेगळे सांगते. टी. पी. राइट या अभियंत्याने १९३६ मध्ये विमान-कारखान्यांच्या अनुभवावरून दाखवून दिले की उत्पादनाची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागे लागणारे श्रम सुमारे एक-पंचमांशाने घटतात. केनेथ ॲरो यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात करता करता शिकण्याचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांनी याचा आधार घेतलाच. पण स्वीडनमधील हॉर्नडाल येथील लोखंड कारखान्याचेही उदाहरण दिले. तेथे पंधरा वर्षे नवी भांडवली गुंतवणूक म्हणावी अशी झाली नव्हती, तरी दर श्रमतासामागे उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत गेले. नवे यंत्र नाही, नवा मालक नाही. वाढले ते कामगारांच्या हातातले ज्ञान. समाजवादी वाचकाने हा दाखला जपून ठेवावा असा आहे. पहिल्या अग्निबाणावरचा खर्च बुडाला असे म्हणणारा हिशेबनीस चुकतो. त्या खर्चातून एक भांडवल तयार झालेले असते आणि ते विद्यार्थ्यांच्या डोक्यात व हातांत असते. दुसरा अग्निबाण बनवला नाही तर मात्र ते खरोखरच बुडते.

बुडते ते आणखी एका कारणाने. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. दुसऱ्या वर्षी मुलगा गटात येतो, तिसऱ्यात काम शिकतो, चौथ्यात अग्निबाण उभा करतो, आणि तो पडला त्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीला जातो. चूक ज्याला कळली तो निघून जातो. जो येतो त्याला ती पहिल्यापासून करावी लागते. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी प्रथम या उपग्रहाचे काम २००७ च्या सुमारास हाती घेतले आणि तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ बरोबर कक्षेत गेला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलो वजनाचा स्वयम् त्याच वर्षी २२ जून रोजी गेला होता. प्रथमची वाटचाल जवळजवळ नऊ वर्षांची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांची. दोन्ही संस्था सार्वजनिक परंपरेतल्या, कायम अध्यापक असलेल्या, नोंदवह्या जपणाऱ्या. म्हणून धागा तुटला नाही. जेथे निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात आणि दर जूनमध्ये बदलतात, तेथे हा धागा कोणी धरायचा?

अपयशाची जाहीर चौकशी ही या देशाला अपरिचित गोष्ट नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण झाले. पहिला टप्पा सुरळीत पार पडला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील एक झडप अडकून राहिली होती. तिच्यातून नायट्रिक आम्ल आधीच गळून गेले होते, नियंत्रणाला बळ उरले नाही आणि उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी तो अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. सतरा टनांच्या यंत्राचा घात एका लहानशा झडपेने केला. त्या दिवशी अवकाश संघटनेचे प्रमुख सतीश धवन स्वतः वृत्तपत्रांना सामोरे गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी घेतली, ही हकिकत प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी पुढे जन्मभर सांगितली. थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राची धुरा त्याच वर्षी वसंत गोवारीकर या पुणेकर रसायन-अभियंत्याकडे आली होती. मराठी वाचक त्यांना पुढे मान्सूनच्या अंदाजामुळे ओळखू लागला, पण घन प्रणोदकांच्या क्षेत्रातले त्यांचे काम त्याआधीचे. बिघाड शोधला गेला, झडपेचा आणि तपासणीचा विचार नव्याने झाला, आणि अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, पस्तीस किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत फिरू लागला. कोणाही पुरस्कर्त्याने मधल्या अकरा महिन्यांत हात आखडता घेतला नाही, कारण पुरस्कर्ता भारतीय जनता होती. तिच्यासमोर हिशेब द्यायचा होता, तो दिला गेला.

ती रीत आज पातळ होत चालली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ चे उड्डाण तिसऱ्या टप्प्यातील दाब घटल्याने फसले. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल महिनोन्महिने जनतेसमोर आला नाही. ज्या देशातील सर्वोच्च संस्था आपली चूक झाकून ठेवते, तेथे वसईच्या महाविद्यालयातील प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यांचा फसलेला प्रयोग फलकावर लावावा, अशी अपेक्षा कशी करावी? अपयशाचे ज्ञान ही अशी वस्तू आहे की एकाने वापरली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. खाजगी कंपनी ती झाकून ठेवते, कारण प्रतिस्पर्ध्याला तीच चूक करू देण्यात तिचा फायदा असतो. समाजाचा तोटा मात्र दुप्पट होतो. सार्वजनिक संस्थेने कंपनीसारखे वागायला सुरुवात केली की तिच्या सार्वजनिक असण्याला अर्थ किती उरतो?

भांडवल ज्याच्या मागे आहे त्याला पुनःप्रयत्नाची उणीव पडत नाही, हेही पाहिले पाहिजे. चेन्नईच्या आयआयटीच्या छत्राखाली वाढलेल्या अग्निकुल या कंपनीचे उड्डाण चार वेळा ऐनवेळी रद्द झाले आणि पाचव्या प्रयत्नात, ३० मे २०२४ रोजी, श्रीहरिकोटाहून यशस्वी झाले. त्या तरुणांच्या चिकाटीला उणे लेखण्याचे कारण नाही. ऐनवेळी थांबणे हे शहाणपणच होते. पण पाच वेळा मांडणीपर्यंत जाण्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा होता आणि सरकारी तळ होता. २०२० पासून केंद्राने अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांना खुले केले, सार्वजनिक प्रयोगशाळा त्यांच्या दिमतीला दिल्या. नायगावहून सकाळची गाडी पकडणाऱ्या विद्यार्थिनीला त्याच प्रयोगशाळेत एक दिवस तरी मिळेल, अशी तरतूद त्या धोरणाच्या केंद्रस्थानी नाही. पाच प्रयत्न कोणाला आणि अर्धा प्रयत्न कोणाला, हा वर्गीय प्रश्न नाही असे कोणी म्हणू शकेल काय?

आता वालीवच्या गाळ्याकडे येऊ. अग्निबाणाचे नोझल म्हणजे शेवटी काटेकोर कातलेला धातूचा किंवा ग्रॅफाइटचा तुकडा. टाकी म्हणजे दाब सहन करणारे वेल्डिंग. झडप म्हणजे साफ बसलेले आसन. ही कामे करणारे हात वसई पूर्वेत हजारोंनी आहेत. वालचंदनगरच्या कारखान्यात अवकाश संघटनेच्या अग्निबाणांची आवरणे घडली, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने तयार झाली. ती घडवणारे मराठी मुलखातील कामगारच होते, जरी समारंभाच्या छायाचित्रात ते दिसत नसले तरी. फेररचनेच्या वेळी या हातांचे मोल विशेष कळते. आराखड्यात सरळ दिसणारा पंख प्रत्यक्षात किती वाकडा बसला, वेल्डिंगच्या उष्णतेने नळी किती ओढली गेली, हे संगणकाच्या आधी अनुभवी फिटर सांगतो. आणि पंख अर्धा अंश वाकडा असला तर अग्निबाण गरगरू लागतो, हे स्ट्रॅटोसच्या कथेवरून वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. असा फिटर विद्यार्थ्यांच्या गटात सन्मानाने, मोबदला घेऊन, शिक्षक म्हणून बसला पाहिजे. सध्या त्याच्याकडे भाग करून घेतला जातो, बिल दिले जाते, आणि तो भाग आकाशात गेला की समुद्रात, हे त्याला कोणी कळवतही नाही.

एका बाबतीत तडजोड करून चालणार नाही. उत्साहाच्या भरात प्रणोदक गच्चीवर किंवा गाळ्यात शिजवण्याचा मोह तरुणांना होतो. पालघर जिल्ह्याला याची किंमत सांगायला नको. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळच्या रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा जीव गेला. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार दगावले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. ही माणसे ज्वालाग्राही द्रव्यांशी रोज काम करणारी होती. तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवर १८८४ च्या स्फोटके कायद्याचा अंमल असावा, हे योग्यच आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपुरात आहे. परंतु नियम दाखवून नाही म्हणणे आणि सुरक्षित जागा देऊन हो म्हणणे यांत अंतर आहे. नायगावात कोणी अग्निबाण उडवू नये. डोक्यावर मुंबई विमानतळाची विमाने, एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला खाडीतल्या होड्या. प्रश्न असा आहे की मग त्याने जायचे कोठे?

राज्यात एक सार्वजनिक चाचणी-मंच असावा. अग्निबाण जमिनीला जखडून त्याचे इंजिन पेटवायचे आणि जोर, दाब, तापमान मोजायचे, अशी ही सोय असते. उड्डाणापेक्षा ती कितीतरी स्वस्त, आणि फेररचनेचे बहुतेक काम तिच्यावरच होते. वस्तीपासून दूर, प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, कोणत्याही महाविद्यालयाच्या, तंत्रनिकेतनाच्या, आयटीआयच्या विद्यार्थ्याला विनामूल्य. अनुदानाची रीतही बदलली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मंजूर झालेल्या रकमेचा ठरावीक भाग दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवावा, आणि तो मिळण्याची अट एकच असावी: पहिल्या प्रयत्नाचा खरा, संपूर्ण, मोजमापांसह लिहिलेला अहवाल. तो अहवाल विद्यापीठाने मराठीत आणि इंग्रजीत उघड करावा. यश मिळाले नाही म्हणून गुण कापणाऱ्या परीक्षकाऐवजी कारण सापडले म्हणून गुण देणारा परीक्षक नेमावा. यात क्रांतिकारक काही नाही. जर्मनीच्या भांडवलशाही सरकारला यातले बरेचसे जमले आहे.

वसई, नायगाव, विरार आणि पालघर येथील पक्षशाखांना या कामी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मंत्रालयाची वाट न पाहता करता येईल. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. त्याची नियोजन समिती आहे. परिसरातील आयटीआयच्या कार्यशाळा सायंकाळी बंद असतात त्या वेळेत विद्यार्थ्यांना आणि कामगारांना एकत्र वापरता याव्यात, देखरेख करणाऱ्या निदेशकाला त्याचा वेगळा मेहनताना मिळावा, अशी मागणी समितीपुढे ठेवता येईल. कामगार संघटनेतील साथींनी वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतून शिकवण्यास तयार असलेल्या टर्नर, फिटर, वेल्डरांची यादी करावी. विद्यार्थी आघाडीने महाविद्यालयांत जाऊन गेल्या काही वर्षांतले फसलेले प्रकल्प शोधावेत. अग्निबाणच हवेत असे नाही, पाण्याचे पंप असतील, होडीची इंजिने असतील. त्यांच्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत ते नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेले असतील तर पत्र पाठवून मागवाव्यात. निवेदनासोबत यशस्वी उड्डाणाचे छायाचित्र जोडण्याची गरज नाही. मोडलेल्या एखाद्या भागाचे चित्र, तो का मोडला याचे अर्धे पान, आणि पुन्हा बनवायला किती खर्च येईल याचा टर्नरने स्वतः काढलेला हिशेब, एवढे जोडले तरी समितीपुढे चर्चा सुरू होईल.